नळी आत, आपला श्वास बंद

आमच्या कामात दोन गोष्टी सारख्या साचत राहतात. एक कफ आणि दुसरे किस्से. कफ काढायला नळी आहे, मशीन आहे. किस्से काढायला मात्र चहा लागतो, आणि समोर तुमच्यासारखी रिकामी बसलेली माणसं लागतात. दोन्ही वेळेवर काढले नाहीत की छातीत घरघर सुरू होते, म्हणून आज बसलेच आहे मोकळी व्हायला.

मी आयसीयूतल्या नर्सेसना शिकवते. मला सगळे पवार मॅडम म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. हॉस्पिटल छत्रपती संभाजीनगरातलंच आहे, पण नाव सांगणार नाही. आमच्या मेट्रन मॅडमना वाचायचा नाद आहे!

आता सक्शन म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. पेशंट व्हेंटिलेटरवर असतो तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत एक जाड नळी घातलेली असते. मशीन त्या नळीतून हवा देतं. पण नळीमुळे माणसाला नीट खोकता येत नाही, थुंकता येत नाही, बोलता तर मुळीच येत नाही. मग कफ आतच साचतो आणि तो आम्ही काढायचा असतो. जाड नळीतून एक बारीक नळी आत सोडायची आणि बाहेर येता येता कफ ओढून घ्यायचा. अडचण एवढीच, की बारीक नळी आत आहे तोवर पेशंटची हवाही ओढली जाते. म्हणून आधी त्याला भरपूर ऑक्सिजन द्यायचा आणि मग काम झटपट उरकायचं.

झटपट म्हणजे किती? पुस्तकात सेकंद दिलेत. पण नव्या मुलीचे हात कापत असताना ती सेकंद मोजेल की नळी सांभाळेल? म्हणून माझ्या मॅडमनी मला शिकवलेला नियमच मी पुढे चालवते. नळी आत गेली की आपला श्वास बंद. आपला जीव घाबरायला लागला की समजायचं, पेशंटचाही घाबरलाय. नळी बाहेर!

इतका साधा नियम. यात चुकायला काय आहे, असं मला वाटायचं. मग ही बॅच आली. तिघंच होते. गणेश, ज्योती आणि शाहीन. मेट्रन मॅडमनी पहिल्याच दिवशी तिघांना उभं करून सांगितलं, "ज्याला सक्शन जमेल तो आयसीयूत राहील. ज्याला जमणार नाही त्यानं आल्या पावली परत जायचं."

*

गणेश पैठणचा. आमच्याकडे पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात, तर हा गणेश ब्रदर. उंचापुरा, हसतमुख, कामाला वाघ.

पेशंटला हात लावायच्या आधी सगळा सराव पुतळ्यावर करावा लागतो. आमचा पुतळा कमरेपर्यंतचाच आहे. तोंड उघडं, डोळे छताकडे, चेहऱ्यावर असा भाव की जणू सगळ्या जगाचं कर्ज यानंच माफ केलंय. त्याचं नाव कुणीतरी दादासाहेब ठेवलं आणि तेच पडलं. दादासाहेबांना एक मॉनिटर जोडलेला आहे. नळी जास्त वेळ आत राहिली की तो बोंब मारतो.

गणेशनं हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, ऑक्सिजन दिला. सगळं अगदी नमुनेदार. मग नळी आत सोडली, गाल फुगवले आणि उभा राहिला.

उभाच राहिला!

मॉनिटर पिवळा झाला, लाल झाला. आवाज सुरू झाला. ज्योतीनं कानावर हात ठेवले. मी ओरडले, "अरे काढ, काढ! दादासाहेब चालले!"

गणेशनं निवांतपणे नळी बाहेर काढली आणि तितक्याच निवांतपणे म्हणाला, "मॅडम, पण मला अजून श्वास लागलाच नव्हता की!"

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गड्याचं सगळं लहानपण गोदावरीत गेलेलं. "तळाची वाळू मुठीत घेतल्याबिगर वर यायचं नाय, अशी पैज राहायची आमची," तो अभिमानानं सांगत होता. दादासाहेब तिकडे थंड पडले होते आणि याची वाळू चालली होती.

त्या दिवसापासून नियमाला एक पोटनियम जोडला. पैठणच्या माणसानं श्वास निम्माच धरायचा.

*

शाहीन छावणीतली. तिच्या अब्बांची तिथं बेकरी आहे. पोरगी आधी आमच्याच हॉस्पिटलात डोळ्यांच्या ओपीडीत होती. सकाळपासून दुपारपर्यंत लोकांच्या डोळ्यांत थेंब टाकायचे, एवढंच काम. तिनं मेट्रन मॅडमच्या मागे लागून लागून आयसीयू मागून घेतलं होतं.

अब्बांना इतका आनंद झाला, की नानखटाई बांधता बांधता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "हमारी शाहीन आयसीयू में है!"

"या अल्ला! क्या हुआ बच्ची कू?" गिऱ्हाईक घाबरून विचारायचं.

मग अब्बा पाच मिनिटं समजावून सांगायचे आणि गिऱ्हाईक दुप्पट नानखटाई घेऊन जायचं. तर आता सगळ्या छावणीला माहीत होतं, की शाहीन आयसीयूत गेली. परत डोळ्यांच्या ओपीडीत यायचं म्हणजे सगळ्या छावणीला परत समजावून सांगायचं.

दादासाहेबांवर शाहीनचा हात असा चालायचा की बघत राहावं. हलका, सरळ, कुठे घाई नाही. मी मनात म्हटलं, ही पोरगी सोनं आहे. मग तिला पहिल्या खऱ्या पेशंटकडे नेलं. एक आजोबा होते, बेशुद्ध. तिनं नळी सोडली. नळी आत टेकली तसे आजोबा खोकले, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. शाहीननं चटकन नळी मागे ओढली. कफ जिथल्या तिथे! दुसऱ्या वेळीही तेच, तिसऱ्या वेळीही तेच.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अगं, काय झालं?"

"मॅडम, आंखां में पानी आता ना उनके. हाथ रुक जाता मेरा." आणि हिच्याही डोळ्यांत पाणी. "दादासाहेब रोते नहीं ना, मॅडम."

वीस जण शिकवून काढावेत तेव्हा असं एक हळवं मन मिळतं, आणि तेच नेमकं परत पाठवायची वेळ येते. मी तिला म्हटलं, "खोकला म्हणजे पेशंटचं भांडण असतं, शाहीन. तो तुझ्याशी भांडतोय म्हणजे अंगात जीव आहे. जो खोकत नाही त्याची काळजी करायची." तिनं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि हात चालणं वेगळं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

*

जरा हसून घेऊ या.

दादासाहेबांवर सराव करायचा तर कफ लागतो. बाजारात नकली कफ मिळतो म्हणे, पण आमच्या स्टोअरकडे मागणी केली असती तर तो मी रिटायर झाल्यावर आला असता. म्हणून मी घरीच करते. साबुदाणा भरपूर पाण्यात शिजवायचा, चिमूटभर हळद टाकायची, गार करायचा. रंग, चिकटपणा, मधेमधे गाठी, सगळं अस्सल! रात्री डबा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी न्यायचा.

एका सकाळी क्लासमध्ये डबा उघडला तर तळाला चमचाभर उरलेला. लगेच घरी फोन लावला.

आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, शांत स्वभावाचे. म्हणाले, "अगं, ती खीर होय? मीच घेतली सकाळी. साखर विसरली होतीस, ती मी घातली. थोडी घट्ट होती म्हणून दूधही घातलं. पण छान होती हं."

फोन स्पीकरवर होता! पोरांच्या चेहऱ्यावर एक रंग यायचा, एक जायचा. तेवढ्यात दारातून मेट्रन मॅडम डोकावल्या. "काय पवार मॅडम, क्लास सुरू नाही झाला अजून?"

मी काही बोलायच्या आत ज्योती ताडकन उभी राहिली. "कसा व्हणार, मॅडम? आजचा कफ सरांनी खाल्ला!"

*

ही ज्योती म्हणजे आमचा तोफखाना. वेरूळजवळच्या एका वस्तीवरून रोज स्कूटीवर येते. तिला सक्शन पटकन जमलं. इतकं जमलं, की नियम अंगातच मुरला.

एके दिवशी संध्याकाळी ड्यूटी संपवून मी तिच्या मागे बसून निघाले. वाटेत ती पेट्रोल पंपावर थांबली. पंपावरच्या माणसानं विचारलं, "किती, ताई?"

"थोडंच टाका."

काटा बघितला तर तळाला टेकलेला. मी म्हटलं, "अगं, रोज एवढं लांब जातेस. टाकी फुल कर ना."

त्या माणसानं नळी टाकीत घातली आणि ज्योतीचे गाल फुगले! डोळे मीटरवर, चेहरा हळूहळू लाल. त्यानं नळी बाहेर काढल्यावर तिनं फुस्स करून श्वास सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काय करू, मॅडम? नळी आत गेली की आपोआप बंद व्हतोय. फुल टाकी मला झेपत नाय!"

*

सक्शन हे भूक लागल्यावर जेवण्यासारखं आहे. लागेल तेव्हाच करायचं. छातीत घरघर ऐकू आली, मशीन कुरकुरलं, तर करायचं. उगीच घड्याळ बघून नळ्या घालत सुटायचं नाही, त्यानं आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. हे नर्सेसना मी पटवते. नातेवाइकांना कोण पटवणार?

आमच्या आयसीयूला एक मोठी काच आहे. बाहेर नातेवाईक उभे असतात आणि आतलं सगळं बघतात. एकदा एका पेशंटचे मेहुणे तणतणत माझ्याकडे आले.

"मॅडम, हे काय बराबर नाय. शेजारच्या बेडला सकाळपासून तीनदा नळी घातली, आमच्या दाजीला एकदाच. आमी पैसे कमी भरलेत व्हय?"

मी समजावलं, की शेजाऱ्यांना कफ जास्त आहे, तुमच्या दाजींची छाती स्वच्छ आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्यांना काही केल्या पटेना. पंगतीत शेजारच्या पानात जिलबी तीनदा पडली आणि आपल्या पानात एकदाच, अशी त्यांची जळजळ होत होती.

शेवटी गणेश पुढे झाला. "पाहुणे, तिकडं कफ लई आहे म्हणून तीनदा केलं. तुमच्या दाजीला पाहिजे असंल तर तिकडचा थोडा इकडं देऊ का?"

पाहुणे काचेजवळ जाऊन बसले. दुपारी त्यांनी गणेशला चहा पाजला.

*

त्याच काचेमागे एक दिवस तात्यांची मालकीण येऊन बसली.

तात्या बिडकीनचे. घरी थोडी शेती, पण खरा धंदा आवाजाचा. मोंढ्यात धान्याचा लिलाव व्हायचा तेव्हा बोली पुकारायचं काम तात्यांचं. न्यूमोनिया झाला आणि दोन्ही फुप्फुसं भरली. आमच्याकडे आणलं तेव्हा श्वास संपत आलेला होता. त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं आणि झोपेचं औषध सुरू केलं.

त्यांच्या मालकिणीला आम्ही मावशी म्हणायचो. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यांनी बोली पुकारली की पार रस्त्यावरच्या टपरीतला माणूस चहा सोडून यायचा. असा आवाज व्हता. आता बघा, तोंडात नळी. पुन्ना बोलतील ना ओ?"

मी म्हटलं, "बोलतील, मावशी." असं म्हणावं लागतं. पण मला खात्री नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की कफ फार घट्ट आहे. तो नीट निघत राहिला आणि तात्यांनी आपल्या दमावर खोकून दाखवलं, तर नळी काढता येईल. नाहीतर गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल. आणि मग तो आवाज कधी परत येईल, कसा येईल, कुणी सांगावं?

तात्यांच्या बेडला मी मुद्दामच शाहीनला लावलं, आणि रोज तिच्या शेजारी उभी राहिले. ज्योती म्हणाली, "मॅडम, जोखीम घेताय." मेट्रन मॅडम राउंडवर असल्या की तात्यांच्या बेडजवळ थांबायला लागल्या.

शाहीनची एक सवय होती. पेशंट शुद्धीत असो नसो, नळी घालायच्या आधी त्याच्या कानाशी वाकून सांगायची, "तात्या, कफ काढते हां. खोकला येईल. थोडाच त्रास." हे मी सगळ्यांनाच शिकवते, पण बाकीचे बस कंडक्टरसारखं ओरडून मोकळे होतात. ही असं बोलायची, जसं घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उठवतात.

गणेश चिडवायचा, "अगं, औषध चालू आहे त्यांना. काय ऐकू येणार नाय."

"तुमको क्या मालूम?" शाहीन म्हणायची. खरं सांगते, ते मलाही माहीत नव्हतं.

*

मावशी काचेमागून सगळं बघायच्या. एक दिवस मला अडवून म्हणाल्या, "मॅडम, राग नका मानू. पण ह्या पोरी ह्यांच्याजवळ गेल्या की गाल का फुगवत्यात? वास येतो व्हय ह्यांचा?"

मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांना नियम समजावून सांगितला. नळी आत असते तेव्हा तात्यांना हवा कमी पडते, म्हणून पोरीही आपला श्वास धरतात. स्वतःला नको झालं, की लगेच नळी काढतात.

मावशींनी काचेला कपाळ टेकवून आत बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्यांच्या संगट त्या बी ऱ्हात्यात बिनश्वासाच्या?"

"हो, मावशी."

दुसऱ्या दिवशी शाहीन तात्यांजवळ गेली आणि मी सहज काचेकडे बघितलं. मावशींनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळे मोठे केले होते. शाहीननं नळी बाहेर काढली, तेव्हाच मावशींचा पदर खाली आला. त्यांच्या शेजारी त्यांची सून बसलेली. तिचाही पदर तोंडाला! जिलबीवाले पाहुणे अजून तिथंच होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बघून बघून त्यांनीही गाल फुगवले होते.

*

तात्यांचं झोपेचं औषध कमी केलं. त्यांनी डोळे उघडले. मान हलवायला लागले, हात हलवायला लागले. आता शाहीनची खरी परीक्षा, कारण बेशुद्ध माणसाचे डोळे वाहणं वेगळं, आणि वाहणाऱ्या डोळ्यांनी माणूस आपल्याकडे बघतोय हे वेगळं.

सकाळची वेळ होती. तात्यांच्या छातीत घरघर ऐकू येत होती. शाहीन वाकून बोलली, ऑक्सिजन दिला, नळी सोडली. तात्या जोरात खोकले. चेहरा लाल, डोळ्यांतून धारा. शाहीनचा हात थांबला. नळी मागे आली. घरघर तशीच.

ती माझ्याकडे बघायला लागली. मेट्रन मॅडम राउंडवर होत्या, पलीकडच्या बेडजवळून बघत होत्या. मी मनात म्हटलं, संपलं. ही चालली डोळ्यांच्या ओपीडीत.

तेवढ्यात तात्यांनी उजवा हात उचलला. तळहात वर, आणि चारही बोटं भराभर आतबाहेर हलवायला लागले. शाहीन घाबरली. "मॅडम, क्या बोल रहे ये? दम घुटता क्या इनका?"

मॉनिटर बघितला. सगळं ठीक. तात्या मात्र शाहीनकडे बघत हात हलवतायत, हलवतायत. मला काही उमगेना. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर मावशी दोन्ही हातांनी तसंच करून दाखवत होत्या. मी दार उघडलं.

"मॅडम, चढवा म्हंत्यात ते!" मावशी धापा टाकत म्हणाल्या. "बोली चढवायची असली की असाच हात करत्यात मोंढ्यात. थांबायचं नाय, अजून चढवा, अजून!"

मी शाहीनकडे वळले. "ऐकलंस? गिऱ्हाईक स्वतः म्हणतंय. आधी ऑक्सिजन दे, दम खाऊ दे त्यांना. मग चढव!"

शाहीननं तात्यांना दम खाऊ दिला. डोळे पुसले, त्यांचे आणि आपलेही. नवे ग्लोव्ह्ज घातले. कानाशी वाकली, "तात्या, अब मैं नहीं रुकती हां." नळी सोडली. तात्या खोकले. डोळे वाहिले. हात थांबला नाही. घट्ट, हिरवट कफाचा गोळा खर्रकन नळीतून वर आला आणि घरघर गेली.

तात्यांनी हात खाली ठेवला. मेट्रन मॅडम पुढच्या बेडकडे वळल्या.

मी बाई बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. मला काही लपवायचं नाही, मी रडले.

*

मग तो दिवस आला. तात्यांच्या छातीचा फोटो चांगला आला होता. मशीनचा आधार कमी करून बघितला, ते आपल्या दमावर श्वास घेत होते. दुपारी डॉक्टर म्हणाले, "काढू या नळी. शेवटचं सक्शन कोण करतंय?"

जाड नळी काढायच्या आधी तोंडातला, घशातला आणि नळीतला कफ नीट साफ करावा लागतो, नाहीतर तो खाली उतरतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी फिरतं. मी उत्तर द्यायच्या आत तात्यांनी बोट उचललं आणि शाहीनकडे दाखवलं.

डॉक्टरांनी मावशींना आत बोलावून घेतलं. त्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. गणेश ऑक्सिजनचा मास्क घेऊन तयार. ज्योती ट्रे धरून. मेट्रन मॅडमही आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. आज बॅचचा निकाल द्यायचा होता, हे त्या मला सकाळीच सांगून गेल्या होत्या.

शाहीन तात्यांच्या कानाशी वाकली. काय बोलली ते या वेळी मला ऐकू आलं नाही. मग तिनं तोंड आणि घसा साफ केला. ऑक्सिजन देऊन नळीत नळी सोडली. तात्या खोकले, ती थांबली नाही. नळी स्वच्छ निघाली.

डॉक्टरांनी नळीची पट्टी सोडवली. "तात्या, मोठा श्वास घ्या. आता जोरात खोका!"

तात्या खोकले आणि नळी बाहेर आली.

गणेशनं मास्क लावला. आता आवाज फक्त ऑक्सिजनचा. तात्यांची छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा जरा घसरला, थांबला. आम्ही सगळे त्या आकड्याकडे बघत होतो. मावशींचा पदर तोंडाला. ज्योतीचे गाल फुगलेले. गणेशनं तर गोदावरीचा तळ गाठला असावा. दारात मेट्रन मॅडम ताठ उभ्या, ओठ घट्ट मिटलेले. आणि शाहीन, हातात वापरलेली नळी तशीच गुंडाळून धरलेली, चेहरा लालबुंद.

आकडा वर चढायला लागला.

तात्यांनी मान वळवून एकेकाकडे बघितलं. मावशींकडे, गणेशकडे, ज्योतीकडे, पार दारापर्यंत. मग नजर शाहीनवर येऊन थांबली. त्यांनी मास्क जरासा बाजूला केला. ज्या आवाजानं टपरीतली माणसं चहा सोडून यायची, तो आवाज आता सुताच्या धाग्याएवढा बारीक निघाला.

"पोरी, आता तू बी घे की श्वास!"